एका पोटॅशच्या पोत्यासाठी

रताळ्याला पोटॅश खत लागतं हे आमच्याकडे पोरंसुद्धा सांगतील. पण ऐन जूनमध्ये तेवढं एक पोतं दुकानातून घरी आणायचं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक.

आमचं शिवार चंदगड तालुक्यात. तांबडी माती, धो धो पाऊस. पावसाळी रताळी लावायची आणि बेळगावच्या मार्केटला न्यायची, ही इथली रीत. माती परीक्षण, वेलांचं बेणं, सरी-वरंबे सगळं वेळेत झालं. शिफारस होती हेक्टरी ७५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ७५ किलो पालाश, म्हणजे पोटॅश खतातून मिळणारं अन्नद्रव्य. एकराला हिशेब मांडला तर युरिया साधारण ६५ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट अडीच पोती आणि पोटॅश बरोबर एक पोतं.

तिथंच गाडी अडली. "पोटॅश आहे, पण सोबत ही बाटली आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी घ्यावी लागेल." मला नको म्हटलं, तर, "मग १०:२६:२६ मिश्रखत न्या, त्यातबी पोटॅश असतंय." असतंय, खरं आहे. त्यात स्फुरद आणि पालाश दोन्ही शेकडा २६. पण एकराचं ३० किलो पालाश त्यातून द्यायचं तर ११५ किलो खत लागतं, आणि २० किलोची गरज असताना स्फुरदही ३० किलो जातं. त्या जादा दहा किलोचे पैसे मी का भरायचे? पुन्हा गेलो तर उत्तर, "पोटॅश संपलं." साठ्याच्या फलकावर पोटॅशपुढचा रकाना कोरा. इकडे पावसानं उघडीप दिलेली, गोठ्याच्या सावलीत ठेवलेल्या बेण्याची पानं पिवळी पडायला लागलेली. जीव नुसता वरखाली होत होता.

शेवटी पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला. काय मागितलं, काय गळ्यात मारलं, कोणत्या तारखेला, सगळं लिहिलं आणि पोच घेतली. खताची विक्री आधारचा अंगठा घेऊन पॉस मशीनवर, म्हणजे दुकानातल्या विक्रीनोंदीच्या यंत्रावर होते, त्यामुळे दुकानातला साठा मशीनवर दिसतो. साहेबांनी तो बघितला, पोटॅश शिल्लक निघालं. बाटलीशिवाय, पक्क्या बिलासह पोतं हातात आलं तेव्हा मान ताठ झाली. "हा जादा माल वरून कंपन्याच आमच्या माथी मारतात," असं दुकानदार म्हणतात. असेलही. तो भुर्दंड शेतकऱ्यानं सोसायचं कारण नाही. खतासोबत दुसरा माल घ्यायची सक्ती करता येत नाही, हे ठणकावून सांगा. दुकानात हुज्जत घालण्यात दिवस घालवू नका, सरळ अर्ज द्या.

पोटॅश, सुपर आणि अर्धा युरिया लावणीला, उरलेला युरिया महिन्यानं वेलांना मातीची भर लावताना. वेल काळेभोर दिसावेत म्हणून युरिया वाढवू नका. शेजारच्या रानात वेल गुडघाभर माजले होते आणि खाली बोटाएवढ्या मुळ्या. आमच्या वरंब्यात कुदळ घातली तर एकेका वेलाखाली मुठीएवढी रताळी, मार्केटला पहिल्या प्रतीत गेली. मधे वेल उचलून फिरवायला विसरू नका, नाहीतर पेरापेराला मुळ्या फुटतात आणि मुख्य कंद बारीक राहतात.

अंगठ्याचं सांगायचं राहिलं. कामानं घासलेला अंगठा मशीन घेत नाही. आधारला मोबाइल जोडलेला असला तर ओटीपीवर काम होतं, ते आधीच करून ठेवा. आणि जमलं तर पोटॅश मे महिन्यातच घ्या, बिलातली रक्कम पोत्यावरच्या छापील किमतीशी ताडून.