बेट काठाला लागलं तो दिवस

गेल्या एप्रिलमध्ये पहाटे साडेपाचला मासेमारी करणाऱ्या मामांचा फोन आला. "साहेब, बेटावर कुत्रे जायलेत. पाणी लई उतरलंय."

मी नाथसागरावर वनरक्षक आहे. १९७६ साली पूर्ण झालेल्या या जायकवाडी धरणाचं पाणी खोल कमी, पसरट जास्त. थोडं उतरलं तरी काठ कितीतरी मागे सरतो. १९८६ पासून इथे पक्षी अभयारण्य आहे. लोक येतात ते थंडीत, रोहित आणि पट्टकादंब बघायला. होळीनंतर कुणी फिरकत नाही आणि नेमकी तेव्हाच उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरयांची वीण सुरू होते. हा पक्षी कायम इथलाच, म्हणून मला त्याचं जास्त वाटतं.

पोचलो तर चार दिवसांपूर्वी घोटाभर पाणी होतं तिथे चिखलाची पट्टी उघडी पडलेली, जेमतेम पंधरा पावलं रुंद. तिच्यावर ताजे पंजे. सुरयाचं घरटं म्हणजे वाळूत पोटाने घासून केलेली खळी. तिच्यात दोन-तीन अंडी, राखट, तपकिरी ठिपक्यांची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. सहा खळ्यांत नुसती टरफलं होती. एका खळीवरून नर-मादी हलायला तयार नव्हते. ते बघून माझ्या घशाशी आवंढा आला.

मामा म्हणाले, "कुपाटी घालू." त्यांची दोन पोरं आली. वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून आम्ही पट्टीवर आडव्या रचत गेलो. आठ वाजता मी काम थांबवलं.

"निम्मी राहिलीय की साहेब!" धाकटा वैतागला.

त्याचं बरोबर होतं. पण आम्ही जवळ असलो की सुरय उठून डोक्यावर ओरडत फिरतात, आणि एप्रिलच्या उन्हात उघडी अंडी थोड्या वेळात शिजून जातात. कुत्र्यांपासून वाचवताना आपणच मारायची, हे मला चालणार नव्हतं. पोरांना घरी पाठवलं आणि पट्टीच्या काठाकडच्या तोंडाशी, लांब बाभळीखाली काठी घेऊन बसलो.

दुपारी एकच्या सुमारास दुर्बिणीतून दिसलं. पिवळ्या चोचीची, काळ्या टोपीची एक सुरय पाण्यावर उतरली, पोट भिजवलं, परत येऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ओल्या पिसांनी ती अंडी गार ठेवत होती. मी तासभर दुर्बीण खाली ठेवली नाही.

साडेपाचला पोरं आली. काट्यांची दोन्ही टोकं कंबरभर पाण्यात नेऊन दगडांनी दाबली, अंधार पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन वाजला नाही. सहा वाजता मीच लावला.

"पंजे कुपाटीपर्यंतच हायेत, साहेब," मामा म्हणाले. "तिथून माघारी फिरलेत."