कल्याणच्या सोनाराचं टाकं

आज लेकीला घेऊन कान्हेरीला गेले होते. ठाण्याहून घोडबंदर रोडने बोरिवली, तिथून लेण्यांपर्यंत राष्ट्रीय उद्यानाची बस. खरं तर आपल्या येऊरच्याच डोंगररांगेची ही पलीकडची बाजू, पण जायला इतकी वर्षं लागली.

शंभराहून जास्त लेणी, जवळपास प्रत्येकाशेजारी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. असंच एक टाकं कल्याणच्या एका सोनाराने भिक्खूंसाठी दिलंय आणि तिथल्याच एका लोहाराने वाट. ब्राह्मी लिपीत तसं कोरून ठेवलंय. राजाचं नाव नसलेले असे किती लेख आहेत! मला तर हेच सातवाहनांचं खरं वैभव वाटतं. व्यापारी आणि कारागीर स्वतःच्या कमाईतून डोंगर कोरून घेत होते.

आणि राजघराणं? नाणेघाटात राणी नागनिकेच्या लेखात अश्वमेधाची, दान दिलेल्या गाईंची नोंद. त्याच घराण्यातल्या गौतमी बलश्रीने, गौतमीपुत्र सातकर्णी राजाच्या आईने, नाशिकला बौद्ध भिक्खूंना लेणं दिलं. यज्ञही आणि विहारही. शाळेत हे दोन वेगळ्या धड्यांत शिकले, म्हणून एकत्र कधी डोळ्यांसमोर आलंच नाही.

लेक त्या अक्षरांवरून बोट फिरवणार होती. थांबवलं तिला. दोन हजार वर्षांच्या आसपास टिकलेला दगड आहे, बाई.

संध्याकाळी ठाणे स्टेशनवर कल्याण लोकलची घोषणा झाली. लेक लगेच म्हणाली, "आई, सोनाराचं गाव!"