आरए आहे आणि कोलेस्टेरॉल नॉर्मल आलंय? जरा थांबा

मला आरए आहे, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिस, स्वतःची इम्यून सिस्टिम (रोगप्रतिकारशक्ती) सांध्यांवर उलटते तो आजार, बरीच वर्षं झाली आता, त्यामुळे ओळखीत कोणाचाही गुडघा दुखला की पहिला फोन मलाच (वयानुसार झिजलेला गुडघा वेगळा आणि आरए वेगळा हे सांगून सांगून दमले मी). पण आज सांध्यांबद्दल नाही, रक्तवाहिन्यांबद्दल लिहायचंय. कारण आरएवाल्या ज्यांच्याशी बोलते त्यांना बोटांची सूज, सकाळचा आखडलेपणा, मेथोट्रेक्सेट या आरएच्या नेहमीच्या औषधाची मळमळ सगळं तोंडपाठ असतं, पण या आजाराचा हार्टशी काही संबंध आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. आरए असलेल्यांना हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरेचा धोका इतरांपेक्षा साधारण दीडपट धरतात. युरोपातल्या र्‍हुमॅटॉलॉजीवाल्यांची युलार म्हणून संघटना आहे, त्यांच्या गाईडलाइनमध्ये तर सरळ लिहिलंय की हार्टच्या रिस्कचं कॅल्क्युलेटर आरए धरत नसेल तर आलेल्या आकड्याला १.५ ने गुणा.

होतं काय, तर सांध्याच्या अस्तरात इम्यून सिस्टिम जी धुमश्चक्री घालते ती सांध्यापुरती राहतच नाही. टीएनएफ, इंटरल्युकिन ६ असली सूज भडकवणारी रसायनं रक्तात उतरतात आणि अंगभर फिरतात. रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं, एंडोथेलियम, ते नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल आणि आतून गुळगुळीत ठेवतं. सततच्या इन्फ्लमेशनमध्ये (आतल्या दाहात) नायट्रिक ऑक्साइड कमी होतं, अस्तर चिकट होतं, पांढर्‍या पेशी तिथे अडकून आत शिरतात, चरबीचा थर म्हणजे प्लाक वाढतो, आणि आधीपासून असलेल्या प्लाकवरचं आवरणही कमजोर होतं. ते फुटलं की गुठळी, आणि मग अटॅक.

आता कोलेस्टेरॉलची गंमत. आजार जोरात असतो, सीआरपी (रक्तातलं इन्फ्लमेशन दाखवणारा आकडा) चढलेला असतो, तेव्हा एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल चक्क कमी येतं. रिपोर्ट बघून घरचे खूश, आणि धोका मात्र तेव्हाच जास्त! याला लिपिड पॅराडॉक्स म्हणतात. मग औषध लागू पडतं, सूज उतरते, आणि एलडीएल वर जातं, की पेशंट घाबरून औषध बंद करायला निघतो. टोसिलिझुमॅब हे इंटरल्युकिन ६ चा रस्ता अडवणारं औषध, त्यात हे हमखास दिसतं. म्हणून मुद्दाम ट्रायल झाली, तीन हजारांवर पेशंट, एकीकडे टोसिलिझुमॅब, दुसरीकडे एटानरसेप्ट, म्हणजे टीएनएफ अडवणारं औषध. टोसिलिझुमॅबवाल्यांचं एलडीएल जास्त राहिलं पण हार्टच्या घटनांमध्ये ठळक फरक आला नाही. त्यामुळे आकडा वाढला म्हणून स्वतःच्या मनाने इंजेक्शन बंद करू नका, गरज वाटली तर डॉक्टर सोबत स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, देतील.

मग इन्फ्लमेशन कमी केलं की हार्ट वाचतं का? याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर आरएच्या नाही तर हार्टच्या पेशंटकडून मिळालं. २०१७ ची कॅन्टॉस ट्रायल, दहा हजारांवर लोक, सगळ्यांना आधी अटॅक येऊन गेलेला. त्यांना कॅनाकिनुमॅब दिलं, ते इंटरल्युकिन १ बीटा अडवतं. कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही तरी १५० मिलिग्रॅमच्या डोसला अटॅक, स्ट्रोक आणि हार्टमुळे होणारे मृत्यू मिळून साधारण १५ टक्के कमी. पण जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली, हे सांगायला लोक विसरतात. तशीच दुसरी ट्रायल कमी डोसच्या मेथोट्रेक्सेटची, तिच्यात काहीच फायदा दिसला नाही. पण त्या लोकांना आरए नव्हता, आणि त्यांचा सीआरपीही त्या औषधाने उतरला नाही. तेव्हा ते वाचून कोणी आपलं मेथोट्रेक्सेट सोडू नये, आपल्या आरएमध्ये ते वेगळं काम करतंय.

आणि इम्यून सिस्टिम दाबणारी सगळीच औषधं हार्टला सारखी नसतात. टोफासिटिनिब, जॅक नावाची एन्झाइम्स अडवणार्‍या गटातली आरएची गोळी, इंजेक्शन नको म्हणून लोकांना आवडते. पण पन्नाशीच्या पुढचे आणि हार्टचा किमान एक रिस्क फॅक्टर असलेले पेशंट घेऊन ती टीएनएफ अडवणार्‍या औषधांशी ताडून पाहिली, तेव्हा हार्टच्या गंभीर घटना गोळीवर ३.४ टक्के आणि टीएनएफवाल्यांत २.५ टक्के निघाल्या. कॅन्सरही थोडे जास्त. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये कडक इशारा छापायला लावला. तरुण, सिगरेट न ओढणार्‍या माणसाचं गणित वेगळं असू शकतं, ते डॉक्टरांशीच बोलायचं.

मला जास्त राग येतो तो पेनकिलर आणि स्टेरॉइडच्या सवयीचा. स्टेरॉइडने दोन दिवसांत हात हलके होतात हे खरंय, मीही घेतलंय, पण महिनोन् महिने चालू राहिलं की बीपी, शुगर, वजन सगळं वर. पेनकिलरही बीपी वाढवतात आणि काहींनी अटॅकचा धोका वाढतो, रोफेकॉक्सिब नावाची पेनकिलर त्यामुळेच २००४ मध्ये बाजारातून गेली. ज्यांना वाटतं की बायोलॉजिक (टोसिलिझुमॅब, एटानरसेप्टसारखी इंजेक्शनं) "स्ट्राँग" आणि रोजची पेनकिलर "साधी", त्यांच्याशी मी तासभर वाद घालू शकते.

सिगरेटबद्दल काय बोलणार, ती आरए व्हायलाही हातभार लावते, औषधाचा असर कमी करते आणि वाहिन्याही खराब करते.

एक मात्र कराच. सांध्याच्या डॉक्टरला वाटतं बीपी फॅमिली डॉक्टर बघत असेल, फॅमिली डॉक्टरला वाटतं हा स्पेशालिस्टचा पेशंट, आणि कोणीच बघत नाही. आपणच विचारायचं, माझ्या हार्टची रिस्क कोणी काढलीय का? आणि लिपिड प्रोफाइल शक्यतो आजार शांत असताना करून घ्यायचं, फ्लेअरमध्ये, म्हणजे आजार उसळलेला असताना, केलेल्या रिपोर्टवर फार विसंबू नका.