कलम 16 आणि एक केस

दुपारी लेकीच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला. ‘टकटक करा. मग थांबा.’ ‘मग थांबा’खाली दोन रेघा. म्हणजे मी टकटक करते आणि त्याच दमात आत शिरते, हे नोंदलं गेलंय. घडी केलेले कपडे घेऊन खरंच थांबले. आतून आलं, “काय आहे?” माझ्याच घरात मला, काय आहे!

अकरा वर्षांची आहे. शाळेत नुकतेच मुलांचे हक्क शिकवलेत. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क करारात 54 कलमं. हिने पाठ केलंय ते नेमकं सोळावं. मुलांच्या खासगी आयुष्यात, पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ नको. मी बाराव्याचा आधार घेतला : मुलांचं म्हणणं ऐकायचं, पण वय आणि समज बघून.

“समज आहे की नाही, कोण ठरवणार?”

“मी.”

“मग झालंच!”

हक्क म्हटलं की मला जेवण, औषधपाणी, शाळा आठवते. तिला आठवतो टेबलाचा खण, आणि केस किती कापायचे ते. जेवण तिच्या यादीतच नाही. मिळणारच आहे, त्यात मागायचं काय? (याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, अजून ठरलेलं नाही.)

मी बारा वर्षांची असताना डायरी लिहायचे. तोवर करार होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण आमच्या घरी पोचला नव्हता. आई वाचते असा संशय होता, म्हणून एक युक्ती केली. डोक्याचा एक केस उपटून पानांमध्ये ठेवायचा. वही उघडली की पडणार, चोर सापडणार. रोज संध्याकाळी बघायचे, तर केस जागच्या जागी. आईवर उगीच संशय घेतला म्हणून रडूही आलं एकदा.

मग एक दिवस तो केस उजेडात धरला. माझा बॉबकट. हा केस हातभर लांब होता.

आईला कधी विचारलं नाही. पण तिने तो परत ठेवला होता, अगदी त्याच पानात, एवढं मात्र डोक्यातून जात नाही.

काल लेकीची वही टेबलावर उघडी राहिली होती. मी बंद केली. बंद करताना दोन ओळी दिसल्या, त्याला माझा इलाज नाही.