टीएसएच नॉर्मल आहे, मग गोळी कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

‘डॉक्टर, टीएसएच तर नॉर्मल आलाय. मग थायरॉइडची गोळी कशाला? आणि वर ही स्टेरॉइडची, तीही जन्मभर?’ सांगली-मिरजेच्या ओपीडीत हे कायम ऐकतो. आता एकदाचं नीट सांगतो.

टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा हुकूम; तो थायरॉइडमध्ये तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती तो सोडते. थायरॉइड दमली की पिट्युटरी ओरडते, टीएसएच वाढतो. पण पिट्युटरीच आजारी असली तर ओरडणार कोण? तेव्हा टीएसएच नॉर्मल किंवा कमी दिसतो आणि फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, खाली असतं.

‘टीएसएच ठीक, म्हणजे थायरॉइड ठीक’ असं मीही म्हणत आलो. प्रत्येक थकलेल्या माणसाची फ्री टी-४ करा, असं आजही म्हणणार नाही. लोकांचा पैसा झाडाला लागत नाही. पण बाळंतपणात अंगावरून खूप गेलं, पान्हा आला नाही, पाळी परत आली नाही, असं बाई सांगत असेल तर? गरोदरपणात पिट्युटरी फुगलेली असते. रक्तस्रावाने बीपी कोसळलं की तिचा रक्तपुरवठा तुटतो. हा शीहान सिंड्रोम, कित्येक वर्षं अंगावर काढला जातो. उसाच्या फडात घोणस चावून किडनीवर बेतलेला माणूसही, पिट्युटरीला इजा झाली तर, पुढे असाच ढेपाळू शकतो. पिट्युटरीची गाठ, डोक्याला मार, ऑपरेशन, रेडिएशन ही कारणंही आहेतच.

घात होतो तो पुढे. अशी बाई ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन लावून घेते. त्यातून स्टेरॉइड गेलं तर दोन दिवस तरतरी. मग कुणीतरी हुशारीने फ्री टी-४ करतं, ते कमी येतं, थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) सुरू होतं. कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, मोजायचं राहतं. थायरॉक्सिनने शरीराचा वेग वाढतो, आहे ते कॉर्टिसॉलही लवकर संपतं, आणि ते वाढवायचा पिट्युटरीचा हुकूम, एसीटीएच, येत नाही. काही दिवसांत उलट्या, वरचं बीपी ८०, सोडियम ११२, साखर ५०, कधी झटके. पोटॅशियम मात्र नॉर्मल. कातडी काळवंडत नाही, उलट फिकट पडते; काखेतले केस गेलेले असतात, पण काख बघतो कोण? शिरेतून १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची जागा घेणारं स्टेरॉइड) गेलं की बीपी सावरू लागतं. घरचे म्हणतात, ‘गोळी बाधली.’ गोळी नाही, क्रम बाधला.

म्हणून आधी सकाळी ८ वाजताचं कॉर्टिसॉल. डेसिलिटरला ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता नक्की, १८ च्या वर निर्धास्त, मधे असेल तर उत्तेजन चाचणी, म्हणजे औषध देऊन कॉर्टिसॉल वाढतं का ते बघायचं. गुडघ्यात इंजेक्शनने नाहीतर सलाईनमधून नुकतंच स्टेरॉइड घेतलं असेल तर ते आधी सांगा, नाहीतर आकडा फसवतो. कमतरता निघाली तर पहिल्यांदा हायड्रोकॉर्टिसोन: उठल्या उठल्या १० मिलिग्रॅम, दुपारी ५, संध्याकाळी लागलंच तर अडीच ते ५. थायरॉक्सिन त्यानंतर, आणि त्याचा डोस फ्री टी-४ वर ठरतो. ताप आला की स्टेरॉइड दुप्पट. गोळी उलटून पडत असेल तर इंजेक्शन, लगेच. एकादशी असो वा नवरात्र, गोळी चुकवायची नाही.

‘स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात ना?’ जास्त दिलं तर होतात. हे शरीर स्वतः बनवतं तेवढंच आहे, असं मी उत्तर देतो. पण तेवढंच म्हणजे नेमकं किती, हे सांगणारी भरवशाची रक्ततपासणी नाही. वजन, बीपी आणि दुपारी चार वाजता अंग कसं असतं, हे विचारतच अडीच मिलिग्रॅम इकडे-तिकडे करत राहतो.