निकालपत्रे वाचताना

२०१४ च्या दिवाळीत, फराळाची ताटे उचलून झाल्यावर, माझ्या मावसभावाने आपण समलिंगी असल्याचे मला सांगितले. मी त्याचा हात हातात घेतला, पण बोलायला माझ्याकडे शब्द नव्हता. आयुष्यभर मराठी शिकवण्याचे काम केलेल्या मला त्या क्षणी जे शब्द आठवत होते, ते एक तर शिवीच्या जवळचे होते, नाहीतर एखाद्या आजाराच्या नावासारखे. तोच पुढे म्हणाला, “ताई, गेल्या डिसेंबरपासून मी पुन्हा गुन्हेगार झालोय.” ‘पुन्हा’ म्हणजे काय, हे मला कळले नव्हते, आणि तसे विचारण्याचीही लाज वाटली. त्या लाजेतून माझे या विषयाचे वाचन सुरू झाले.

सुरुवात मी दिल्ली उच्च न्यायालयाच्या २ जुलै २००९ च्या निकालपत्रापासून केली. सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असे सांगणारे ते निकालपत्र. एकशे पाच पानांची प्रत छापून, स्पायरल बाइंडिंग करून घेतली आणि पेन्सिल हाती धरून रोज चार-पाच पाने, अडेल तिथे शब्दकोश उघडून, वाचत गेले. निकालपत्र म्हणजे कलमांचा रुक्ष पसारा, अशी माझी समजूत होती. पण याच्या पानापानांतून माणसे भेटत होती. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यातून वाट काढत १८६० च्या दंडसंहितेत आलेले कलम ३७७ कागदावर ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ कृत्यासाठी होते, पण व्यवहारात ते कोणाविरुद्ध वापरले जात होते, याची उदाहरणे त्यात आहेत. २००१ साली लखनौमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना याच कलमाखाली तुरुंगात डांबले होते. मूळ याचिकाही अशाच कामातून आलेली होती: ज्यांना कायदा गुन्हेगार ठरवतो, ते आरोग्यसेवेपर्यंत यायला धजत नाहीत आणि लपून राहतात, असे याचिका करणाऱ्या नाझ फाउंडेशन या संस्थेचे म्हणणे होते.

माझी पेन्सिल सर्वांत जास्त वेळ थांबली ती मात्र नीतिमत्तेच्या परिच्छेदांवर. समाजाला हे मान्य नाही, म्हणून कायद्यानेही मान्य करू नये, हा सरकारी पक्षाचा युक्तिवाद होता. त्याला उत्तर देताना न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी लोकांच्या बदलत्या नीतिकल्पना आणि घटनात्मक नीतिमत्ता यांत स्पष्ट फरक केला, आणि त्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांच्या घटना समितीतील भाषणाचा आधार घेतला. ४ नोव्हेंबर १९४८ च्या त्या भाषणात बाबासाहेबांनी म्हटले होते की घटनात्मक नीतिमत्ता ही उपजत भावना नाही, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. न्यायमूर्ती शहा मूळचे सोलापूरचे. हे निकालानंतर बऱ्याच दिवसांनी कळले आणि उगाचच फार बरे वाटले.

बाबासाहेबांचे ते वाक्य वाचताना मला १९३४ सालचा खटला आठवला. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जुलै १९२७ पासून निघत होते. त्यात वाचकांच्या लैंगिक जीवनाविषयीच्या खाजगी प्रश्नांना कर्वे सरळ, शास्त्रीय भाषेत उत्तरे देत. त्या प्रश्नांत हस्तमैथुनाचे प्रश्न होते, तसे समलिंगी संबंधांचेही होते, आणि याच उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले, एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही. लोक प्रश्न विचारत असतील, तर त्यांना उत्तरे मिळाली पाहिजेत आणि गैरसमज जातील ते ज्ञानानेच, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला ते हरले आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

या प्रसंगाला आजची भाषा चिकटवू नये, असे मला मनापासून वाटते. हक्क, ओळख, अभिमान हे शब्द त्या काळच्या मराठीत या संदर्भात नव्हते, आणि त्या वेळी या विषयाचा उल्लेखही बहुधा ‘विकृती’ म्हणूनच होई. पण कोणा एका अनाम मराठी वाचकाने पोस्टाने हा प्रश्न पाठवला, संपादकाने तो छापला आणि त्या छापण्याच्या बाजूने आंबेडकर न्यायालयात उभे राहिले, एवढे तर घडलेच. ‘हे सगळे परदेशातून आलेले खूळ’ असे माझ्यासमोर कोणी म्हणाले, की आता मी त्या पत्रलेखकाची आठवण करून देते.

दुसरे नाव मात्र वाचताना दुखते. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वर्षानुवर्षे मराठी शिकवत होते. ते कवी होते आणि त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन माणसे त्यांच्या घरात घुसली, ते एका पुरुषाबरोबर असताना त्यांचे चित्रीकरण झाले, आणि विद्यापीठाने निलंबित केले ते घुसखोरी सोसणाऱ्या सिरसांना. दिल्लीचा निकाल लागून तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर सहाच दिवसांनी, ७ एप्रिलला, सिरस आपल्या भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. मराठीचा एक प्राध्यापक, आपल्या भाषेपासून इतक्या दूर, घरात एकटा. मीही मराठीच शिकवली, आणि तरी २०१४ पर्यंत हे नाव मला ठाऊक नव्हते. आपल्या मासिकांनी आणि संमेलनांनी त्यांना त्या दोन महिन्यांत जवळ करायला हवे होते, असे मला वाटत राहते.

दिल्लीचा निकाल रद्द करणाऱ्या, ११ डिसेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण तो मी एकदाच वाचला आणि पुन्हा उघडावासा वाटला नाही. असे लोक लोकसंख्येत अत्यल्प आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेपेक्षाही कमी जणांवर खटले झाले, हे कलम टिकवण्याचे एक कारण म्हणून त्यात दिले आहे. माझ्या भावाच्या ‘पुन्हा’चा अर्थ तिथे मला समजला.

गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने या तर्काला धक्का दिला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, सज्ञान व्यक्तींमधील संमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ घटनाबाह्य ठरवले. जवळजवळ पाचशे पाने. ती वाचायला मला अडीच महिने लागले. त्यातले न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचे एक वाक्य सर्वत्र उद्धृत झाले: या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची, शतकानुशतके सोसलेल्या अवहेलनेवर व बहिष्कारावर उपाय करायला लागलेल्या विलंबाबद्दल, इतिहास क्षमा मागणे लागतो. बातम्यांत हे वाक्य बऱ्याचदा अर्धेच येई आणि ‘कुटुंबीयांची’ हा शब्द गळून जाई. मी ते पूर्ण वाक्य मराठीत लिहून मावशीला वाचून दाखवला. तेव्हा ती पंचाहत्तरीची होती. तिने चष्मा लावला, कागद स्वतःच्या हातात घेतला, ओळीवर बोट ठेवून वाचला आणि विचारले, “कोर्टाने आमचंही नाव घातलंय?” तो कागद तिच्या पोथीत अजून आहे.

सध्या मी १७ ऑक्टोबर २०२३ चा समलिंगी विवाहाविषयीचा निकाल वाचते आहे. विवाहाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले आणि अशा जोडीदारांच्या नात्याला कायदेशीर मान्यता देण्याचा प्रश्न तीन विरुद्ध दोन असा फेटाळला गेला. अल्पमतातील दोन्ही निकालपत्रे मी संपवली आहेत आणि बहुमताचे निम्मे. हे वाचन आधीच्या वाचनापेक्षा जड जाते, कारण त्याचा संबंध आता गुन्ह्याशी नाही, रोजच्या कागदांशी आहे. गेल्या पावसाळ्यात भावाला शस्त्रक्रियेसाठी दाखल करायचे होते, तेव्हा बारा वर्षे त्याच्यासोबत असलेल्या साथीदाराने रुग्णालयाचा अर्ज भरला. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यापाशी तो थांबला, माझ्याकडे पाहिले आणि मग ‘मित्र’ असे लिहिले. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज परत केला आणि नातेवाइकाची सही मागितली. सही मी केली.