बोनेटवर हात ठेवला तेव्हा

“मी येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका,” असं जुनी डिझेल एसयूव्ही विकणाऱ्या मालकांना फोनवर दोनदा बजावलं होतं. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवला, तर चटकाच बसला. “आत्ताच धुऊन आणली,” मालक म्हणाले. डिझेल इंजिन गरम असलं की ग्लो प्लग (थंड इंजिन चालू होताना आतून तापवणारे) गेलेले असोत की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरलेलं असो, गाडी गुमान चालू होते. मी तसाच मागे फिरलो.

दुसऱ्या एसयूव्हीचं रनिंग जेमतेम ६० हजार दाखवत होतं. पण क्लच पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं आणि स्टिअरिंगचं लेदर सोललेलं. मीटर खोटं बोलेल, रबर कशाला बोलेल?

तिसरी घेतली. ती खरंच गार होती. पहिल्याच सेल्फला चालू झाली, सायलेन्सरमधून क्षणभर पांढुरका धूर आला आणि विरला. निळा असता तर ऑइल जळतंय म्हणून तिथेच नमस्कार केला असता. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि तोंडावर नुसतं टेकवून ठेवलं. थरथरलं, पण आतल्या गॅसच्या दाबाने उडालं नाही. पिस्टन रिंगा ठीक असाव्यात एवढा धीर आला.

मला खरी धास्ती होती डीपीएफची, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरची. ती काजळी जाळायला आत साधारण ६०० अंश तापमान लागतं. रोज चार-पाच किलोमीटरच फिरणारी गाडी तेवढी तापतच नाही आणि फिल्टर तुंबतो. म्हणून मालकांना किती फिरता यापेक्षा कुठे फिरता हे जास्त खोदून विचारलं. बहुतेक हायवेच होता. सोबतच्या मेकॅनिकने स्कॅनर लावून काजळीचं रीडिंगही पाहिलं, ते कमी होतं.

चासी नंबर कागदांशी ताडून पाहणं वगैरे पाच मिनिटांत उरकलं. मागच्या टायरांवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे ०९१६ होते, म्हणजे ते २०१६ च्या नवव्या आठवड्यात बनलेले. त्यावरून थोडी घासाघीस झाली.

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा, बदलल्याचं बिल मात्र मालकांकडे नव्हतं. “बदललाय हो मागेच,” एवढंच. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच बसायचं, म्हणून ताब्यात आल्या आल्या गाडी थेट गॅरेजात नेली. मेकॅनिकने उतरवलेला बेल्ट माझ्या हातात दिला. उलटा वाकवून पाहिला, तर दात्यांच्या मुळाशी ओळीने बारीक भेगा होत्या.